मंगळवारच्या दवाखान्यात मराठी समजणारं कुणीतरी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातली. वडील गेल्यावर तिची झोप उडाली, जेवण सुटलं. आधी अंगारे-धुपारे झाले, मग दवाखाना. ‘जिवाची उलघाल होते, काळीज पोखरल्यागत वाटतं,’ असं ती सांगत होती. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. मध्ये उभं राहून कन्नडमध्ये सांगणाऱ्याने एवढंच सांगितलं, की छातीत दुखतंय. ईसीजी काढला, तो चांगला आला, गोळ्या घेऊन आम्ही परतलो. तिला नैराश्य आहे हे कळायला पुढे दीड वर्ष गेलं. रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. मनाच्या आजारात रुग्णाचं बोलणं हीच तपासणी, आणि आमच्या आईची ती झालीच नव्हती.

मनोविकारतज्ज्ञांचं काम रुग्ण तपासण्यापुरतं नसतं, हे आपल्याच कर्नाटकात दिसलं आहे. १९८०च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखायला शिकवलं. औषधं गावाजवळच मिळू लागली. १९९६मध्ये देशभरासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तो याच बळ्ळारीच्या धर्तीवर. चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तर परीक्षेच्या प्रश्नात हात घातला. नापास मुलांचं वर्ष वाया जाऊ नये, त्यांनी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून लगेच पुरवणी परीक्षा घ्या, असा आग्रह त्यांनी तामिळनाडूत धरला आणि सरकारने तो मानला. त्यात किती मुलांचे जीव वाचले असतील!

आपल्याकडे राज्य सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ यावेत, अशी सोय ठरली. योजना चांगलीच आहे. पण कणकुंबीहून बस धरून आलेल्या म्हातारीचं बोलणं तिथे समजून कोण घेणार? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही, उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देऊनच त्याची संमती घ्यावी, असं म्हटलं आहे.

यात सीमावाद आणू नये, ही कळकळीची विनंती. अक्कलकोटच्या कन्नड आजीलाही तिच्या भाषेत विचारणारं माणूस मिळायलाच हवं.

म्हणून बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना माझं सांगणं आहे, की हे काम तुम्ही अंगावर घ्या. आमच्यासारख्यांचं निवेदन फायलीत पडून राहतं, तुमचं पत्र जिल्हाधिकारी वाचतील. खानापूर आणि निपाणीला मराठी बोलणारा एकेक समुपदेशक मागा. तो मिळेपर्यंत आमच्या आशाताईंना दोन-चार दिवसांचं शिक्षण द्या. घराघरांत काय चाललंय ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

आई आता बरी आहे. ज्या बाईंनी तिला पहिल्यांदा मराठीत विचारलं, ‘मावशी, सकाळी डोळा उघडला की काय वाटतं?’, त्यांच्यापुढे ती तासभर बोलत होती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर