सॉफ्टवेअर घेण्याआधी ‘विद्यालय’ लिहून बघा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

भरतकामाच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर घेताना ‘हजारो डिझाइन सोबत फुकट’ या आमिषाला भुलू नका. सांगलीत आपल्याकडे येतात ते शाळांचे बिल्ले आणि मंडळांच्या टी-शर्टवरची नावं. मोर-कमळं मागतंय कोण?

बाबा, दुकानदाराला आधी ‘श्री विठ्ठल विद्यालय’ टाइप करायला सांगा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर फुटतं, ‘द्या’चे दोन तुकडे होतात आणि ‘वि’ची वेलांटी भलतीकडे जाते. तिथेच निकाल लागतो.

सध्या मला चित्राचे टाके करून देणारं इंकस्टिच पुरेसं वाटतं. ते इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतं, आणि दोन्ही मोफत आहेत. इंकस्केपमध्ये देवनागरी नीट उमटते. जाड फॉन्ट घ्या, नाव लिहा, ‘पाथ’ मेनूतून अक्षरांचे आकार करून घ्या, मग टाके भरा. आई, शिरोरेषा मात्र अक्षरागणिक ठेवू नकोस. प्रत्येक सांध्यावर टाक्यांवर टाके चढतात, गाठ होते आणि दोरा तुटतो. आधी अक्षरं भरायची, शेवटी सगळ्यांवरून एकच सलग सॅटिन पट्टी, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत लागून लागून टाके. रेघ १ मिमीपेक्षा बारीक झाली की सुई त्याच त्या भोकात पडते, म्हणून मात्रेसकट नाव उंचीला १२ मिमीपेक्षा लहान घेऊ नका.

चाळीस नंबरच्या दोऱ्याला टाक्यांच्या ओळींतलं अंतर ०.४ मिमी ठेवा. दाट केलं की काम भरीव दिसेल असं वाटतं, पण कापडाला चुण्या पडतात. टी-शर्टचं कापड ओढलं जातं, म्हणून पुल कॉम्पेन्सेशन (आकार थोडा रुंद ठेवणं) ०.३ मिमीच्या आसपास, खाली अंडरले (आधाराचे विरळ टाके) आणि मागे कट-अवे बॅकिंग (कात्रीने कापायचं अस्तर). फाडून काढायचा कागद तिथे धुण्यात टिकत नाही.

डीएसटी फाइल, म्हणजे मशीनला द्यायची टाक्यांची फाइल, मशीनपुरतीच. तिच्यात रंगांची माहिती नसते, आणि ती १० टक्क्यांहून जास्त लहान-मोठी केली की टाके दाटतात नाहीतर विरळ होतात. इंकस्केपमधली मूळ चित्राची एसव्हीजी फाइल जपून ठेवा, दरवर्षी तोच बिल्ला लागतो.

गुंतागुंतीचं बोधचिन्ह आलं तर पंचिंग, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणं, बाहेरून करून घ्या. तसं काम दर आठवड्याला यायला लागलं तरच हॅच किंवा विलकॉम या विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार करू, तोही चाचणी आवृत्तीवर हेच नाव लिहून पाहिल्यावर.

मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि कापड ताणून धरायच्या रिंगचं आतलं माप कळवा. मशीनला फाइल पीईएस या दुसऱ्या प्रकारची लागेल की डीएसटी, ते त्यावरून ठरेल.

तुमची,
ताई