सत्तावीस बाद मतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी यंदा चार जण उभे होते. कार्यकारिणीने पसंतीक्रमाने मतदान घ्यायचं ठरवलं, म्हणजे सगळ्यांत आवडत्या उमेदवारापुढे 1, त्याच्या खालच्या पसंतीला 2, असे आकडे लिहायचे. मी बत्तीस वर्षं बँकेत रोखपाल होतो, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. 146 मतपत्रिका निघाल्या, त्यातल्या 27 बाद झाल्या. मोजणी आटोपल्यावर त्या सत्तावीस मी पुन्हा टेबलावर पसरल्या. एकही निष्काळजीपणाने भरलेली नव्हती. कुणी सुबक बरोबरच्या खुणा केल्या होत्या. कुणी 2 आणि 3 लिहून 1 ची जागा मोकळी ठेवली होती. एका आजींनी चौघांपुढेही 1 लिहिला. ‘चारही आपलीच मुलं, दोन नंबर कुणाला देऊ?’ असं नंतर त्यांनीच मला सांगितलं.

त्याहून मला लागलं ते एका सभासदाचं बोलणं. त्यांनी आवडत्या उमेदवाराला 4 दिले होते, परीक्षेत जास्त मार्क द्यावेत तसे. त्यांचं मत बाद झालं नाही, उलटं मोजलं गेलं. अशी मतं आणखी किती होती हे मोजणाऱ्याला कधीच कळत नाही.

भिंतीवर सूचना होती: ‘मतदाराने आपला अग्रक्रम उमेदवाराच्या नावासमोरील रकान्यात अंकांत नमूद करावा.’ यात एक म्हणजे सगळ्यांत आवडता की सगळ्यांत नावडता, हे कुठे आहे? ‘आपल्या लोकांना हे जमायचं नाही’ असं सभेत दोघे-तिघे म्हणाले, ते मला मुळीच मान्य नाही. याच घरांतली मुलं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला चॉइस फिलिंग करतात, आणि पहिलं कॉलेज नाही मिळालं तर दुसरं कोणतं यावर आईवडील रात्र रात्र बसतात. तेच तर हे मतदान आहे.

म्हणून मी वार्षिक सहलीचं ठिकाण याच पद्धतीने ठरवायला लावलं. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, पातालपाणी. कागदावर साधं लिहिलं: ‘सगळ्यांत आधी जिथे जायचंय तिथे 1. ते जमलं नाही तर जिथे चालेल तिथे 2. पुढेही तसंच. एक आकडा एकदाच.’ 61 कागद आले. सगळ्यांसमोर सतरंजीवर चार गठ्ठे लावले: मांडू 23, महेश्वर 18, ओंकारेश्वर 13, पातालपाणी 7. अर्ध्याहून जास्त म्हणजे 31 कुणालाच नाहीत. सगळ्यांत मागे राहिलेल्या पातालपाणीचे सात कागद उचलून त्यांच्या 2 प्रमाणे वाटले, तेव्हा मांडू 28 आणि महेश्वर 20. मग ओंकारेश्वरचे तेरा उचलले. त्यातले बारा महेश्वरच्या गठ्ठ्यावर गेले, आणि महेश्वर 32 विरुद्ध 29 ने जिंकलं. नर्मदेकाठी जायचं असलेले लोक दोन गावांत विभागले होते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसलं. कागद एकही बाद नव्हता. आजींनी महेश्वरला 1 लिहिला होता.

ही पद्धत परकी नाही. राष्ट्रपती याच रीतीने निवडला जातो. 1969 साली व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीत निम्मी मतं मिळाली नव्हती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तिसरे होते. ते बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंत्या मोजल्या, आणि गिरी 4,20,077 मतमूल्यावर (तिथे प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं) पोहोचून निवडून आले. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात असेच पसंतीचे आकडे लिहायला मिळणारा जांभळा स्केच पेन आठवत असेल.

सामान्य मतदारापर्यंत ही पद्धत नेलेल्या शहरांकडूनही शिकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमध्ये पाच नावांपर्यंत क्रम देता येतो. 2021 साली महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत शेवटचं अंतर 7,197 मतांचं होतं, आणि सुमारे 1,40,000 मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, कारण त्यांवर उरलेल्या दोघांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. आमच्याकडेही पुष्कळांनी नुसता 1 लिहिला. विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याला 2 दिला तर आपल्या माणसाचं मत कमी होईल. तसं होत नाही. तुमचा 1 शर्यतीत आहे तोवर 2 कडे कुणी बघतही नाही. हे वाक्य मतपत्रिकेवरच ठळक छापलं पाहिजे.

आणि 1 ची जागा मोकळी ठेवली तर? आपल्याकडे पदवीधरच्या निवडणुकीत ते मत बाद. कॅलिफोर्नियात ओकलंडला नियम असा, की 2 लाच 1 मानायचं. 2022 साली तिथल्या शाळा मंडळाच्या एका जागेसाठी मोजणीचं सॉफ्टवेअर या नियमाप्रमाणे लावलेलं नव्हतं, आणि चुकीचा उमेदवार विजयी म्हणून जाहीर झाला. मोजणाऱ्यांचीच अशी चूक होत असेल, तर मतदाराला तो नियम आधी कुणीतरी सांगायला नको का?

इंदूर महापालिकेत 85 वॉर्ड आहेत, आणि तिथे काय किंवा महापौरपदाला काय, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. ते बदलायचं तर कायदा बदलावा लागेल. पण शहरातली मराठी मंडळं, पतसंस्था, रहिवासी संघ यांच्यापैकी ज्यांचे नियम परवानगी देतात त्यांनी ही पद्धत जरूर आणावी, फक्त मतपत्रिका छापण्याआधी ती दहा-बारा वडीलधाऱ्यांना भरायला द्यावी. जिथे त्यांचा हात अडेल तिथली भाषा बदलावी. मराठीच्या खाली हिंदीही असू द्या, आमच्या सुना-जावयांना तीच वाचायची सवय आहे. मोजणी बंद खोलीत नको, प्रत्येक फेरीचे गठ्ठे सगळ्यांसमोर लावावेत.

अध्यक्षपदाची निवडणूक पुन्हा घ्यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीला दिला आहे. सोबत सुधारलेल्या मतपत्रिकेचा नमुना पाठवत आहे. जागा असल्यास छापावा.

आपला,
एक निवृत्त रोखपाल
लोकमान्यनगर, इंदूर