बाल न्याय मंडळातल्या तारखांचा हिशेब द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

बाल न्याय मंडळ, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं ऐकणारं मंडळ, म्हटलं की आता लोकांना 300 शब्दांचा निबंध आठवतो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन जीव गेले, मंडळाने त्याला निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला आणि सोळा-सतराच्या पोरांना मोठ्यांसारखीच शिक्षा द्या, अशी ओरड सुरू झाली. चीड रास्तच होती. पण मंडळाच्या बाकड्यावर बसलेल्या पोरांत पोर्शवाला शोधून सापडायचा नाही.

मी ज्या मंडळापुढे वकील म्हणून उभा राहतो, तिथे एक मुलगा मोबाइल चोरीच्या प्रकरणात दोन वर्षं तारखेला येत होता. सोबत आई, दर खेपेला मजुरी बुडवून. कधी साक्षीदार नाही, कधी परिविक्षा अधिकाऱ्याचा (मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती काढून मंडळाला देणारा) अहवाल नाही, कधी मंडळावरचे मॅजिस्ट्रेटसाहेब आपल्या नेहमीच्या कोर्टात अडकलेले. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 14 म्हणतं, चौकशी चार महिन्यांत संपवा, फार तर आणखी दोन घ्या. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यातही संपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा, म्हणून ती किरकोळातच मोडते. म्हणजे त्या मायलेकांनी दीड वर्ष फुकट खेटे घातले. त्याच्या आधीच्या वकिलालाही हे सुचलं नाही. आम्ही काळे कोटवालेही धुतल्या तांदळाचे नाही.

मला नवा कायदा नको आहे. कलम 16 प्रमाणे प्रलंबित प्रकरणांचा आढावा दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी आणि दर सहा महिन्यांनी राज्याच्या उच्चस्तरीय समितीने घ्यायचा असतो. त्या समितीत आपल्या खात्याच्या सचिवांनाही जागा आहे. मग हे आकडे फायलीत कशाला? जिल्हावार जाहीर करा: किती प्रकरणं सहा महिन्यांपलीकडे गेली, कशामुळे गेली, किती कलम 14 खाली बंद झाली. मुलांची नावं कोणी मागत नाही, कलम 74 ती उघड करूच देत नाही. अभ्यासकांच्या हाती एवढं आलं, तरी कुठे परिविक्षा अधिकारी कमी पडतात आणि कुठे मंडळ आठवड्यातून एकदाच बसतं, ते उघड होईल. वयाची अट सोळावर आणायची की चौदावर, हा वाद त्यानंतर खुशाल घालू.

पहिला तक्ता कोणत्या महिन्यात येईल, तेवढं कळवावं.

आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातला एक वकील