खाऊ बंद नको, खाऊची वेळ ठरवा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा

महोदय,

कंदी पेढ्यांच्या आणि उसाच्या या जिल्ह्यात मुलांना गोड देऊच नका, असे कोणी ऐकणार नाही आणि माझी तशी मागणीही नाही. गोड केव्हा आणि कसे खावे, ही सवय आपल्या अखत्यारीतील अंगणवाड्यांतून व प्राथमिक शाळांतून लावली जावी, एवढेच म्हणणे आहे.

साखर किती खाल्ली याइतकेच, ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली यालाही दात किडण्यात महत्त्व असते. तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दातांचे कवच झिजू लागते आणि लाळेला ते आम्ल निवळायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून जेवणाबरोबर खाऊन संपवलेल्या पेढ्यापेक्षा दिवसभर गालात धरलेल्या लिमलेटच्या गोळ्या दातांना अधिक बाधतात. (गूळही याला अपवाद नाही, हे गुऱ्हाळांच्या मुलखात सांगणे जिवावर येते.) दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून घरोघरी दुर्लक्ष होते, परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते, आणि पुष्कळ पालक तीही दुधाचीच समजतात.

शाळांत मात्र कविता पाठ म्हटली की गोळी, रडू थांबले की गोळी आणि वाढदिवसाला चॉकलेट, अशी रीत पडली आहे. साखर, मीठ वा मेद जास्त प्रमाणात असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. टपरीवाल्याला तो दाखवण्याआधी शाळेने स्वतःचे वाटप आवरलेले बरे.

तरी बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट देणे थांबवावे, झेंडावंदनाला केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू द्यावा व तो मुलांनी तिथेच बसून खावा, आणि पोषण आहारानंतर हात धुताना प्रत्येकाने चूळ भरावी, असे परिपत्रक आपण काढावे, ही विनंती. ज्या अंगणवाड्यांत पाण्याची सोय नाही, तेथे ती आधी करावी. एरवी चूळ परिपत्रकातच राहील.

आपला विश्वासू,
एक पालक, सातारा