शेक घ्यायचा तर कोणता?

ठाणे,
रविवार

प्रिय मालू,

गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता किरणांचा शेक (रेडिएशन) घ्यायचा का, यावरून परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, "शेक घेतला नाही तर मी वाचेन ना गं?" घरात माणसं होती, मोकळेपणी बोलता आलं नाही. मीही याच आजारातून गेलेय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. भाऊजींनाही वाचायला दे.

तू पाठवलेला रिपोर्ट मी ओळ न ओळ वाचला. गर्भाशयाची पिशवी, नळ्या, बीजकोश सगळं काढलंय. गाठ एंडोमेट्रिऑइड जातीची (पिशवीच्या अस्तरातून होणारी, नेहमी आढळणारी), ग्रेड २ म्हणजे मधली, पिशवीच्या स्नायूत निम्म्याहून खोल गेलेली. पण पिशवीच्या तोंडापर्यंत पोचलेली नाही, रक्तवाहिन्यांत शिरलेली दिसत नाही आणि लिम्फ नोड स्वच्छ आहेत. म्हणजे स्टेज १ बी, आजार पिशवीबाहेर गेलेला नव्हता. मालू, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर थोडंसं अंगावरून गेलं तेव्हा तू लाजून गप्प बसली नाहीस, लगेच दाखवलंस, म्हणून हे इतक्या लवकर सापडलं. या टप्प्यावर बहुतेक बायकांचा आजार ऑपरेशनमध्येच निघून गेलेला असतो.

आता तुझा प्रश्न. जगणं आणि आजार त्याच जागी परत येणं, या दोन गोष्टी तू मनात वेगळ्या ठेव. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९७ या काळात तुझ्यामाझ्यासारख्या ७००हून अधिक बायकांवर पोर्टेक नावाचा अभ्यास झाला. सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. निम्म्यांना ओटीपोटावर बाहेरून शेक दिला, निम्म्यांना काहीच नाही. १५ वर्षांनी पाहिलं तर ओटीपोटात किंवा योनीत आजार परतल्याचं प्रमाण शेक घेतलेल्यांत ६ टक्के आणि न घेतलेल्यांत १५.५ टक्के होतं. हा फरक मोठा आहे. पण किती जणी जगल्या हे मोजलं, तेव्हा शेकाने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कारण आजार परतला तो बहुतेक वेळा योनीच्या वरच्या टोकाला, आणि ज्यांना आधी शेक दिलेला नव्हता त्यांना तेव्हा शेक देऊन पुष्कळदा बरं करता आलं. म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की तुझं वाचणं या एका निर्णयावर टांगलेलं नाही. ही भीती आधी मनातून काढ.

मग तुझे दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात? एक म्हणतात पाच आठवडे बाहेरून, दुसरे म्हणतात फक्त आतून. याच मंडळींनी पुढे २००२ ते २००६ मध्ये ४२७ बायकांवर नेमकं हेच ताडून पाहिलं. निम्म्यांना बाहेरचा शेक, निम्म्यांना आतला, म्हणजे ब्रॅकीथेरपी. दहा वर्षांनी योनीत आजार परतल्याचं प्रमाण आतल्या शेकात ३.४ टक्के आणि बाहेरच्यात २.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. जगण्यातही फरक नाही. ओटीपोटात परतण्याचं प्रमाण मात्र आतल्या शेकात थोडं जास्त होतं, हेही तुला माहीत असावं. ते मुख्यतः ज्यांच्या गाठी रक्तवाहिन्यांत बऱ्याच शिरलेल्या होत्या किंवा ज्यांची पी५३ तपासणी (गाठ किती आक्रमक ते सांगणारी) बिघडलेली होती त्यांच्यात. अशा बायकांना बाहेरचाच शेक उपयोगी पडतो.

मला बाहेरचा दिला गेला तेव्हा या दुसऱ्या अभ्यासाचे आकडे छापूनच आले नव्हते. मला जे दिलं ते त्या काळातलं योग्यच होतं, आणि आज मी तुला पत्र लिहितेय. पण त्याचं पुढे काय होतं ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. उपचार संपल्यावर जुलाब थांबले, पण आतडं पूर्वीसारखं झालं नाही. लागली की लागली, थांबता येत नाही. एसटीने निघायचं तर सकाळी मी चहासुद्धा घेत नाही, पर्समध्ये कपड्यांचा एक जोड कायम असतो, आणि लग्नकार्यात गेलं की आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवते. खोकताना लघवी सुटते. मला वाटायचं हे वयामुळे. पण त्याच पहिल्या अभ्यासातल्या बायकांना १५ वर्षांनी विचारलं, तर शेक घेतलेल्यांत १०० पैकी ४३ जणी पॅड वापरत होत्या, न घेतलेल्यांत १५. हे वाचून मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

आतला शेक खूप सुटसुटीत असतो. योनीत गुळगुळीत नळी ठेवतात, मशीनमधून तिच्यात किरणांचा स्रोत येतो, काही मिनिटांत काम होतं, त्याच दिवशी घरी. त्या अभ्यासात आठवड्याच्या अंतराने ३ वेळा दिला होता. आपल्याकडे ठिकठिकाणी ही संख्या थोडी बदलते. साताऱ्याहून पुण्याला तेवढ्या खेपा तुला झेपतील. बाहेरच्यासाठी पाच आठवडे खोली घेऊन राहावं लागेल. गुण सारखाच येणार असेल तर ही सोय बघण्यात काहीही गैर नाही, कुणी काही म्हणो.

योनी कोरडी पडते, आक्रसते, हे दोन्ही शेकांत होऊ शकतं. त्यासाठी डायलेटर (योनी आक्रसू नये म्हणून वापरायची गुळगुळीत नळी) आणि क्रीम मिळतं. डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही, तू विचार. साठी ओलांडली म्हणून नवरा-बायकोचं नातं संपत नाही, आणि पुढच्या तपासण्यासुद्धा त्यामुळे सोप्या जातात.

बुधवारी जाशील तेव्हा पी५३ आणि एमएमआर या तपासण्या गाठीवर झाल्यात का ते आधी विचार. एमएमआर म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. तिच्यात दोष निघाला तर तो कधीकधी घराण्यातला असतो, मग मुलांनाही आतड्याची तपासणी करून घ्यावी लागते. स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घे, दुसरं मत घ्यायला लागतील. आणि पी५३मुळे बाहेरचाच शेक घ्यायची वेळ आली तर आयएमआरटी, म्हणजे आतडं शक्य तितकं वाचवून किरण नेमक्या जागी देण्याची नवी पद्धत, मिळेल का ते विचार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० बायकांवर आपल्या टाटा हॉस्पिटलने अभ्यास केला होता. तीन वर्षांनी आतड्याचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्के बायकांना होता, आयएमआरटीत २१ टक्के.

पी५३ नीट आलं तर माझं मत आतल्या शेकाचं. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं हे अंगावर काढलंय, म्हणून मत लपवत नाही. आणि साखर-बीपीच्या गोळ्या चुकवू नकोस. आपल्या या आजारातून उठलेल्या बायकांना पुढे हृदयाचा धोका मोठा असतो.

मी मंगळवारी रात्री पुण्याला भाचीकडे येते. डॉक्टरांची वेळ कळव, मी थेट दवाखान्यात भेटेन. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लावून आण, सीटीची सीडी विसरू नकोस.

तुझी,
कुंदा