निफाडच्या थंडीत पिल्लं जगवणाऱ्यांचे आभार

कोंबडीपालनाच्या पहिल्या बॅचला हात देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. इगतपुरीकडून भाताचं तूस आणून देणाऱ्यांचे, ते दोन-तीन इंच पसरून वर कागद अंथरायला शिकवणाऱ्यांचे. चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, गोलच हवा, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, हे आधीच बजावणाऱ्यांचे तर विशेष. ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं हेच खरं. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोच उघडी टाकली तर उष्मा. वीज गेल्यावर शेगडी देणाऱ्यांनी शेडचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवायला लावला; कोंडलेला धूरही जीव घेतो. आणि सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, देताना प्रत्येक पिल्लू अलगद धरून, डोळ्यातला थेंब मुरेपर्यंत न सोडणाऱ्या त्या हातांचे खूप खूप आभार.