थोमाला उगाच नावं ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ख्रिश्चन लोकांत न पाहता विश्वास ठेवणाऱ्याला धन्य म्हणतात, म्हणजे प्रश्न न विचारल्याबद्दल बक्षीसच झालं की, आणि अंधश्रद्धा अंधश्रद्धा म्हणतात ती आणखी वेगळी काय असते, मग जादूटोणा विरोधी कायदा तुम्हाला का नको? पत्र तिरकस होतं पण शिवीगाळ नव्हती, मला तर आवडलं. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या विभागाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यावरून दोन दिवस जे काय चाललं ते बघून वाटलं आता लिहावंच. कारण उत्तर म्हणून आपल्या लोकांनी टाकलं काय, तर चमत्काराचे व्हिडिओ. रडणारी मूर्ती, ढगांत उमटलेला क्रूस, व्हीलचेअरवरून उठून पळणारा माणूस. समोरचा म्हणतोय तुमच्याकडे पुरावा नाही आणि आपण म्हणतोय हा घ्या पुरावा, आणि पुरावा म्हणजे कुठून आली कुणी बनवली याचा पत्ता नसलेली तीस सेकंदांची क्लिप. यात त्या गृहस्थांचंच म्हणणं खरं ठरलं ना.

मी वसईची, जन्मापासून कॅथलिक, आणि नोकरी सगळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली, आता रिटायर आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासायची, स्लाइडवर जंतू दिसला तर पॉझिटिव्ह लिहायचं नाही दिसला तर निगेटिव्ह, तिथे कुणाची श्रद्धा काय आहे ते विचारायची सोय नसते. त्यामुळे पुरावा कशाला म्हणायचं ते मला माहितीय, आणि रोज रात्री रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, पण चुकत नाही. दोन्हीचं भांडण मला कधी जाणवलं नाही, लोकांना का जाणवतं ते सांगायचा प्रयत्न करते.

३ जुलैला आमच्याकडे संत थोमाचा सण असतो, संत थॉमस म्हणजे तोच, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. परंपरा अशी की इ.स. ५२ मध्ये तो केरळात आला आणि पुढे मैलापूरला त्याला मारलं, चेन्नईत त्याच्या नावाचा डोंगर आणि चर्च आहे. तर या बिचाऱ्याला दोन हजार वर्षं आम्ही संशयी थोमा म्हणतोय. क्रूसावर मेलेला येशू परत जिवंत उठल्यावर बाकीच्या शिष्यांना भेटला तेव्हा हा तिथे नव्हता, आल्यावर म्हणाला त्याच्या हातातले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, कुशीतल्या जखमेत हात घातल्याशिवाय मी नाही विश्वास ठेवणार. मग आठ दिवसांनी येशू परत आला, त्याला म्हणाला ये, बघ, हात लाव, आणि थोमा म्हणाला, माझा प्रभू, माझा देव. त्यावर येशू म्हणाला, तू मला पाहिलं म्हणून विश्वास धरलास, पाहिल्यावाचून विश्वास धरणारे ते धन्य. पत्रलेखकांनी घेतलंय ते हेच वाक्य.

पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा हा विसावा अध्याय जरा आधीपासून वाचा. बाकीच्या शिष्यांना येशूने हात आणि कूस आधीच दाखवली होती, थोमाने जास्तीचं काही मागितलंच नाही, जे दहाजणांना मिळालं तेच मागितलं. आणि त्या दहाजणांनी तरी काय दिवे लावले होते, कबरेवरून बायका धावत आल्या आणि सांगितलं तर ती त्यांना बडबड वाटली, लूकने त्याच्या शुभवर्तमानात सरळ लिहून ठेवलंय. संशयी म्हणायचं तर सगळ्यांना म्हणा. हाच थोमा त्याआधी एकदा, येशू यहुदीयाला परत निघतो जिथे लोक त्याला दगडमार करायला टपलेत, तेव्हा बाकीच्यांना म्हणतो चला आपणही जाऊ त्याच्याबरोबर मरायला. आणि शेवटच्या जेवणाच्या वेळी हाच विचारतो, तुम्ही कुठे जाता तेच आम्हाला माहीत नाही मग रस्ता कसा माहीत असणार? त्याला उत्तर म्हणून येशू म्हणाला, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे. घराघरांत फ्रेम करून लावलेलं हे वाक्य आहे, थोमाने प्रश्न विचारला नसता तर मिळालं नसतं. मग प्रश्न न विचारण्याचं बक्षीस कुठून आलं?

मला सगळ्यात आवडतात ते मधले आठ दिवस, ज्यांच्याबद्दल बायबलमध्ये एक ओळसुद्धा नाही. सगळे आनंदात, हा एकटा म्हणतोय मला पटत नाही, तरी तो घर सोडून गेला नाही आणि बाकीच्यांनी त्याला हाकललं नाही. आठव्या दिवशी तो तिथेच त्यांच्यात बसलेला होता. आमच्या ग्रुपवर एकाने फक्त विचारलं, हा व्हिडिओ खरा आहे का, तर त्याला म्हणे तुझा विश्वास कमी पडतो, आणि संध्याकाळी तो ग्रुप सोडून गेला.

न पाहता विश्वास म्हणजे मी काय समजते ते साधं आहे. नवऱ्याचा मोबाईल रोज रात्री तपासणारी बाई असते ना, तिच्याकडे रोजचा पुरावा असतो, काही सापडत नाही, तरी तिच्या त्या तपासण्याला विश्वास कुणी म्हणणार नाही. देवाचं तसंच. दर महिन्याला त्याने काहीतरी करून दाखवावं मग मी मानीन, हा व्यवहार झाला. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन हेच सांगितलं होतं, उडी मार, देवदूत झेलतील, आणि येशू म्हणाला देवाची परीक्षा पाहू नको. पुढे परुशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, चिन्ह मागायला आले तेव्हा त्यांनाही नाहीच म्हणाला. म्हणजे चिन्ह दाखवा म्हणणाऱ्यांच्या लाइनीत आज पत्र लिहिणारे ते गृहस्थ एकटे नाहीत, व्हिडिओ फॉरवर्ड करणारे आमचे लोक पण त्याच लाइनीत उभे आहेत, फरक एवढाच की त्यांना दिसलं नाही आणि ह्यांना दिसल्यासारखं वाटतंय.

मुंबईत विलेपार्ल्याला इर्ल्याच्या वेलंकणी चर्चचं प्रकरण आठवत असेल. मार्च २०१२, क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं, गर्दी झाली, लोक ते पाणी पवित्र म्हणून प्यायला लागले. सनल एडामरुकू म्हणून विवेकवादी आहेत ते जाऊन बघून आले आणि म्हणाले जवळचं ड्रेनेज तुंबलंय, पाणी भिंतीतून वर ओढलं जाऊन खिळ्याच्या भोकातून बाहेर येतंय. झालं, त्यांच्यावर २९५-अ खाली, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, पोलिसांत तक्रारी, आणि तो माणूस फिनलंडला गेला. मला आजही याची लाज वाटते. लोक गटाराचं पाणी पीत होते आणि एकाने सांगितलं पिऊ नका, तर त्याला हार घालायचा की पोलीस लावायचे? आणि आमच्या ज्यांचा विश्वास ते पाणी थांबल्यावर डळमळला असेल, त्यांचा विश्वास प्लंबरच्या हातात होता असंच म्हणावं लागेल.

खुद्द चर्च याबाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी संशयी आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं आणि आतल्यांना आवडत नाही. फ्रान्समध्ये लूर्दला मरियामातेचं दर्शन झालं म्हणून १८५८ पासून लोक जातात, बरं झाल्याचे दावे हजारोंनी आले, त्यासाठी तिथे डॉक्टरांचं ऑफिसच आहे १८८३ पासून, आणि चर्चने आजपर्यंत चमत्कार म्हणून मान्य केलेल्या केसेस सत्तरच्या थोड्या वर, बस्स. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने दर्शनं, रडणाऱ्या मूर्ती वगैरेंसाठी नवे नियम काढले, त्यात नेहमीच्या बाबतीत हे दैवीच आहे असा शिक्कासुद्धा मारायचा नाही असं ठरलंय. आणि मान्य झालेलं दर्शन असलं तरी ते मानलंच पाहिजे असं कॅथलिक माणसावर बंधन नाही. फादर लोकांनी हे उपदेशातून जरा मोठ्याने सांगितलं तर बरं होईल.

आता आपल्या मराठी मातीतलं उदाहरण, पंडिता रमाबाई. त्या कॅथलिक नव्हत्या, माझ्या काही नातेवाइकांना मी त्यांचं नाव घेतलेलं चालत नाही, असो. वडील अनंतशास्त्री डोंगरे एवढे विद्वान, सगळं कुटुंब तीर्थयात्रा, अनुष्ठानं, दानधर्म करत फिरलं, पैसा संपला, आणि १८७४ च्या सुमाराला दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. एवढं करून देव पावला नाही. (आमच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ मंगळवारच्या प्रार्थनेत, पण हाच हिशेब घालणारे असतात, म्हणून कुणी दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवू नये.) असं पोळलेली बाई १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते म्हटल्यावर वाटेल की तिकडे तरी मान डोलवत बसली असेल. कसलं काय! ज्या सिस्टर्सनी सांभाळलं त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद, त्रैक्य म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे कसं, हे का मानायचं, ते कुठे लिहिलंय. स्पष्ट कळवलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून आत्ताच सुटलेय, दुसरं मानेवर घेणार नाही, मला माझी बुद्धी आहे. ह्याच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन चालवतात, दुष्काळातल्या शेकडो मुली आणि बायका आणून ठेवतात, उद्याच्या धान्याची हमी नाही, प्रार्थना करतात आणि चालवतात. पण गंमत बघा, पाणी देव देईल म्हणून बसल्या नाहीत, विहिरी खणल्या, बाग केली, छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा सुरू केला, मुलींच्या हाताला काम दिलं. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम १९२२ ला मरेपर्यंत चालू. मुलगी मनोरमा त्याच्या आदल्याच वर्षी गेली, चाळिशीत. त्या घरात चमत्काराने कुणी वाचलं नाही. विश्वास राहिला.

दुसरं नाव मदर तेरेसा. त्यांना संतपदाच्या आधीची पायरी म्हणून २००३ मध्ये ‘धन्य’ घोषित करताना बंगालमधल्या एका आदिवासी बाईची गाठ बरी झाल्याचा दाखला धरला, आणि तिथल्या डॉक्टरांनी म्हटलं की ती औषधांनी बरी झाली, वाद अजून मिटलेला नाही. माझं विचाराल तर मला त्या गाठीत इंटरेस्ट नाही. २००७ मध्ये मदरची खाजगी पत्रं छापली गेली, जी जाळून टाका असं त्या स्वतः सांगत होत्या, आणि त्यातून कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जाणवतच नव्हता. प्रार्थनेला बसायचं आणि पलीकडे नुसती शांतता, रिकामपण. कालीघाटला मरणाऱ्या माणसाचं अंग पुसणारी ती हसरी बाई आतून अशी होती आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच कामाला जात होती. हे वाचून काही नास्तिक मित्र म्हणाले बघा, त्यांनाच विश्वास नव्हता. मला उलटं वाटतं. दिसत नाही, जाणवतसुद्धा नाही, आणि तरी दिलेला शब्द सोडायचा नाही, याला विश्वास नाही तर काय म्हणायचं? बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीला नमन न करणाऱ्या तिघांना भट्टीत टाकायला नेतात तेव्हा ते राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. लोक पहिलं अर्ध वाक्य स्टेटसला ठेवतात, दुसरं गाळतात.

आता कायद्याचं. त्या गृहस्थांना सांगायचंय की २०१३ चा महाराष्ट्राचा कायदा आम्हालाही लागू आहे आणि असायलाच हवा. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला, आणि त्याने कुणाच्या प्रार्थनेला हात लावलेला नाही, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवायचं आणि पैसे उकळायचे त्याला हात लावलाय. आमच्या ओळखीतल्या एक बाई, डायबेटिसच्या, कुठल्याशा चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करतो म्हणणाऱ्यांच्या सभेला, गेल्या, स्टेजवरून सांगितलं तू बरी झालीस, औषधं घेणं म्हणजे अविश्वास, आणि त्यांनी इन्सुलिन सोडलं. पंधरा दिवसांत ॲडमिट. वाचल्या पण पायाची दोन बोटं गेली, आणि वर त्यांनाच ऐकवलं की तुमचा विश्वास कमी पडला. माणूस बरा झाला तर श्रेय सभेला आणि नाही झाला तर दोष पेशंटचा, असा रिपोर्ट मी लॅबमध्ये दिला असता तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. प्रार्थना करून ऑपरेशनला जाणारे लोक मी नोकरीभर बघितले, त्यांच्यातल्या कुणाला पावती लागत नव्हती. पावती ज्याला गर्दी जमवायची त्याला लागते.

शेवटी तुमच्याकडेही एक तक्रार. मराठी पेपरांच्या आतल्या पानांवर अधूनमधून असल्या जाहिराती असतात, असाध्य रोगांतून मुक्ती, चमत्कारिक अनुभव, खाली मोबाईल नंबर. कधी आमच्यातले पास्टर, कधी बाबा, कधी कुणी ताईतवाले. असल्या जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे आणि जादुई उपायांचा कायदा आहे, मंत्र आणि ताईत त्यात आहेत, तुमच्या जाहिरात विभागाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पुढच्या वेळी अशी जाहिरात आली तर निदान बरे झालेल्या माणसाचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट मागून घ्या. वाचून द्यायला कुणी नसेल तर मला बोलवा, मी फुकट वाचून देईन.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, वसई